अर्धी कॉलर

आमच्या कारखान्यात फोन उचलायचं काम माझं. कारखाना म्हणायचं आपलं, नाहीतर एका बंद पडलेल्या बेकरीच्या शेडमध्ये चार पिंपं, एक मोठं मिक्सर, खोकी भरणाऱ्या बायका आणि कोपऱ्यात मी. नदीला, मातीला आणि माणसाच्या कातडीला त्रास होणार नाही अशा घरगुती वस्तू आम्ही बनवतो. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, फरशी पुसायचं पाणी. प्रत्येक खोक्यावर माझा नंबर छापलेला आहे आणि त्याखाली ओळ आहे, 'तुम्हाला काय हवं ते सांगा.' ही ओळ ज्यानं सुचवली त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला पाहिजे.

लोकांना काय हवं असतं? साप मरावा आणि काठीही मोडू नये. एका बाईंना बाळासाठी असा लंगोट हवा होता की मातीत पुरला तर लगेच कुजेल, पण बाळाच्या अंगावर रात्रभर टिकेल. एका गृहस्थांना घासणी प्लास्टिकची नको होती. काथ्याची हाताला टोचते म्हणाले, दोडक्याच्या जाळीची कुबट वास मारते. "मग कशाची करू?" मी विचारलं. "ते तुम्ही शोधा. मी फक्त मागणारा." फेस पाण्यात जाऊन मासे मरतात म्हणून फेस नको म्हणणारे लोक आणि फेसच येत नाही, पावडर खोटी आहे म्हणणारे लोक, हे बहुतेक वेळा एकच असतात. एक आजोबा अधूनमधून फोन करून एकच गोष्ट विचारायचे. "एका माणसाचा पुडा कधी काढताय? सगळे पुडे कुटुंबासाठीच का?" मी "कळवते" म्हणायचे आणि विसरून जायचे.

या गोतावळ्यात दर गुरुवारी दुपारी येणारी बाई म्हणजे डागमावशी. हे नाव खोकी भरणाऱ्या बायकांनी ठेवलेलं. तिनंही ते मुकाट्यानं स्वीकारलं, उलट दारातूनच ओरडायची, "आले गं बाई, डाग घेऊन आले!"

तिचं काम ऐकून नवा माणूस हसतो. घरातले मळके कपडे आमच्या नव्या पावडरीनं धुऊन बघायचे आणि काय निघालं, काय राहिलं ते सांगायचं, बस. पण तिला घेताना मालकीणबाईंची एक अट होती, घर भरलेलं हवं. केमिस्ट स्वतः कापडाच्या तुकड्यावर डाग लावून बघतोच, पण त्याचे डाग शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे असतात. घरातल्या मळाला शिस्त नसते, म्हणून खऱ्या घरातला खरा मळ पाहिजे. मावशीचं घर तेव्हा ओसंडून वाहत होतं. नवरा गेला होता, पण मुलगा गाड्या दुरुस्त करायचा, सून दवाखान्यात नर्स होती आणि नात शाळेत जात होती. ग्रीस, औषधं, शाई, माती, काही म्हणजे काही कमी नव्हतं.

कॉलरची तर आमच्याकडे खास पद्धत आहे. मळलेली कॉलर उसवायची आणि मधोमध कापायची. एक अर्धी तशीच ठेवायची, दुसरी नव्या पावडरीनं धुवायची आणि मग दोन्ही अर्ध्या शेजारी शेजारी शिवून आणायच्या. एकटा स्वच्छ तुकडा बघून काही कळत नाही. शेजारी मळका असला की डोळा खरं बोलतो. शर्टाला नवी कॉलर कारखान्याच्या खर्चानं. त्यामुळे मावशीच्या मुलाच्या प्रत्येक शर्टाला भलत्याच रंगाची कॉलर असायची आणि गॅरेजमधले लोक त्याला 'फॅशन' म्हणून हाक मारायचे.

हे सगळं मावशीच सांगायची. गुरुवारी तिचे तुकडे बघून झाले, की ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायची आणि घरचं पुराण सुरू व्हायचं. सुनेनं कशी आयोडीनची बाटली पर्समध्ये सांडली. नात चित्र काढून हात कुठे पुसते. "फडकं शोधत नाही गं ती, स्वतःच फडकं होते!" मला हसू यायचं. घरी माझे भाऊ-वहिनी आणि भाचा आहेत, तरी मला मावशीच्या घरचं जास्त माहीत होतं.

मग आमची नवी पावडर आली. वास नाही, फेस नाही, झाडापानांपासून केलेली आणि कागदी खोक्यात. केमिस्ट, कोवळा पोरगाच तो, तिच्यावर दोन वर्षं खपला होता. मावशीनं गुरुवारमागून गुरुवार तुकडे आणले, चहाचे, तेलाचे, टोमॅटोचे, कॉलरचे. सगळे स्वच्छ. "पास," ती म्हणायची. पावडर बाजारात गेली आणि माझ्या फोनला ताप चढला. कॉलर निघत नाही. बाहीची कड निघत नाही. शाळेचे शर्ट काळेच राहतात. एक बाई म्हणाली, "नदी वाचवायची म्हणून मुलांना मळकं पाठवू का शाळेत?" तिचंही काय चुकलं?

खापर फुटलं केमिस्टच्या डोक्यावर. मालकीणबाई तशा प्रेमळ, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, "घरात सगळं पास आणि बाजारात सगळं नापास, हे कसलं गौडबंगाल आहे? आणखी एकदा करून बघ. नाही जमलं तर ही पावडर बंद." पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. त्यानं नवा घाणा केला. त्याचा पुडा मावशीला पोचवायचं आणि ती कपडे नेमके कसे धुते ते बघून यायचं काम माझ्यावर आलं, कारण लोकांच्या घरी जाऊन चौकशा करायला कारखान्यात माझ्याइतकं आगाऊ कोणी नाही.

मी न कळवता गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता. मला वाटलं, सगळे कामावर गेले असतील. दार उघडायला मावशीनं वेळ लावला आणि उघडलं ते अर्धवट.

"आज गुरुवार नाही," ती म्हणाली.

"माहितीये. आत घेतेस की इथूनच परत जाऊ?"

आत दोरीवर मुलाचे शर्ट, सुनेचे पोशाख वाळत होते. टेबलावर एक शर्ट पसरलेला. त्याच्या बाजूला कपात चहा, वाटीत तेल, कापलेला टोमॅटो, कुंडीतली चिमूटभर माती आणि एक जुना दात घासायचा ब्रश. शर्टाच्या कॉलरवर तेल आणि माती कालवून एक रेघ ओढलेली होती, अगदी सुबक. रंगकामच चाललं होतं म्हणा ना.

मी स्वयंपाकघरात डोकावले. ताटाळ्यात एक ताट, एक वाटी. खुंटीला एकच टॉवेल. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढं पुरेसं होतं.

"कधी गेले?" मी विचारलं.

"पावडर बदलायच्या आधी." तिनं ब्रश खाली ठेवला. "परदेशात. तिकडे नर्स लागतात आणि गाड्या काय, सगळीकडेच बिघडतात. मीच म्हटलं जा. इथे काय ठेवलंय?"

"फोन येतो?"

"येतो ना, दर रविवारी. फोनवरून मळ येत नाही."

माझा पारा चढला. इतके दिवस आयोडीनच्या बाटल्या आणि चित्रं ऐकत आले होते मी! "अगं, मग सांगायचं ना! तिकडे तो पोरगा बोलणी खातोय, माझा कान बधिर झालाय आणि तू इथे बसून डाग रंगवतेयस?"

"सांगितलं असतं तर?" ती शांतपणे म्हणाली. "भरलेल्या घराची अट आहे. तुम्ही दुसरं घर बघितलं असतं. त्यात तुमचं काही चुकलंही नसतं. पण माझा गुरुवार गेला असता." ती कप उचलून गॅसकडे गेली. "बाकीचे दिवस मी कोणाशी बोलते असं वाटतं तुला? दुकानदार म्हणतो पिशवी आहे का, मी म्हणते आहे. झालं आमचं बोलणं."

तिनं उरलेला चहा गरम करून दोन कपांत ओतला. "अर्धा डागाला लागला, अर्धा आपल्याला," ती म्हणाली. दुसरा कप तिला कपाटाच्या मागच्या बाजूनं काढून आधी विसळावा लागला.

चूक कुठे झाली ते तिचं तिलाच कळलं होतं. "ताजा डाग म्हणजे पाहुणा," ती म्हणाली. "सकाळी आला, संध्याकाळी जातो. अंगावरचा मळ घरचा असतो. रोज थोडा थोडा मुरतो, धुतला तरी पुन्हा येऊन बसतो. मी पाहुण्यांना बाहेर काढत होते आणि तुम्हाला सांगत होते, सगळं निघालं. मुलाचे शर्ट मी स्वतः घालूनही बघितले. घरात, कितीतरी दिवस. कॉलर होती तशीच राहिली. मी कुठे जाते, मळायला?"

तिनं हे रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती तक्रार केल्यासारखं, हिशोब जुळत नाही तसं सांगत होती. मी उगाच उठून खोल्या बघायला लागले. आतल्या खोलीत दाराच्या मागे हँगरवर शाळेचा छोटा शर्ट होता, पांढरा, न धुतलेला. मी हात पुढे केला.

"त्याला हात लावू नकोस!" मावशीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "नातीचा. शाळेच्या शेवटच्या दिवसाचा. घरी आली, बदलला आणि टाकला बादलीत. मी काढून ठेवला. जन्मभर सगळ्यांचं धुतलं, हा एक नाही धुतला." कॉलरच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, दोन काळपट पट्टे होते. "वेण्यांचे," ती म्हणाली. "मीच घालायचे रोज. तेल चोपडून. सून ओरडायची, किती तेल, किती तेल. आता केस कापलेत तिचे. तिकडे सकाळी वेण्या घालायला वेळ आहे कोणाला?"

मी खाली बसून बेत आखला. माझा भाऊ दिवसभर स्कूटरवरून फिरतो आणि भाच्याच्या कॉलरवर तर भाजी पिकेल. त्या दोघांचे शर्ट मी गुरुवारी गपचूप आणीन, ते तिनं धुवावेत, कोणाला काही सांगायची गरज नाही. तिचा गुरुवार तिला राहील, पोरग्याला खरं काय ते कळेल. "तोवर हा नवा पुडा उघडू नकोस," मी म्हटलं. तिनं मान हलवली. मी तो होकार समजले.

गुरुवारी मी शर्टांचं गाठोडं घेऊन पोचले तर मावशी माझ्या आधी येऊन बसलेली. केमिस्ट आणि मालकीणबाई टेबलावर वाकले होते. टेबलावर एक लहान पांढरी कॉलर होती. मधोमध शिवण. शिवणीच्या डावीकडे तेलकट काळा पट्टा. उजवीकडे काहीच नाही, कोरं पांढरं कापड.

"निघालं!" केमिस्ट ओरडला. त्यानं खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, उलटून बघितलं, फोटो काढला. "मावशी, हा किती जुना मळ आहे! हा निघाला म्हणजे काहीही निघेल!" खोकी भरणाऱ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या पोराचे दात बघितले.

मी मावशीला कोपऱ्यात ओढलं. "का केलंस? मी आणलेत ना शर्ट!"

"ते तुझ्या घरचे," ती हळूच म्हणाली. "मी ह्यांना माझ्या घरचा मळ देते म्हणून सांगत आले. त्या पोरानं माझ्यापायी बोलणी खाल्ली. एकदा तरी खरोखर माझ्या घरचं द्यायला नको?" मग माझा चेहरा बघून तिनंच माझ्या हातावर थोपटलं. "अर्धी आहे ना अजून. एक वेणी धुतली, एक ठेवली. मागून घेते मी."

आणि ती टेबलाकडे गेली. नमुने परत मागायची पद्धत नाही, त्यामुळे ती चाचरली. "ती मळकी बाजू... मला परत मिळेल का? घरी हवी होती."

"मिळेल की!" केमिस्ट म्हणाला. "फोटो आहे आता, बोर्डावर तो लावू. थांबा, देतो." कॉलर उचलून तो आत गेला. मावशीला वाटलं, शिवण उसवून कागदात गुंडाळून आणेल. मलाही तेच वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. तेच आजोबा. "एका माणसाचा पुडा निघाला का?" मी म्हटलं, नाही हो अजून. ते म्हणाले, मोठा पुडा आणला की अर्ध्यात दगड होतो, तो फोडायला हातात जोर नाही राहिला. मी ऐकत होते आणि समोर मालकीणबाई मावशीला म्हणत होत्या, "आता पुढच्या गुरुवारी मोठं गाठोडं आणा. मुलाचे, सुनेचे, सगळ्यांचे. तुमचं घर म्हणजे आमची खाण आहे."

मावशी माझ्याकडे बघून हसली. मी मान हलवून, डोळे मोठे करून तिला गप्प राहा म्हणत होते.

"बाई, घरात आता मीच आहे," ती म्हणाली. "गेल्या पावडरीच्या आधीपासून. तेव्हाचे डाग मी लावलेले होते. हा एकच खरा उरला होता. नातीचा. ती आता येत नाही, म्हणून तो अर्धा तुकडा मागितला."

खोकी भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. पलीकडून आजोबा "हॅलो, हॅलो" करत होते. आणि तेव्हा मला आतून आवाज ऐकू आला, पाण्याचा आणि ब्रशचा.

मी फोन टाकून धावले. दारातच केमिस्ट समोर आला, बाह्या दुमडलेल्या, हाताला फेस नसलेलं ते आमचं पाणी आणि चेहरा सणावाराला उजळावा तसा उजळलेला. माझ्या बाजूनं तो पुढे गेला आणि ओली कॉलर त्यानं मावशीच्या हातावर ठेवली. "घ्या. दुसरी बाजूही काढली. चहा उकळायच्या आत निघाली! आता अख्खी कॉलर शर्टाला लावा आणि जाऊ दे पोरीला शाळेत."

मग त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले. "काय झालं?" त्यानं विचारलं.

मावशीनं कॉलर उजेडात धरली. कुठलाही तुकडा ती तशीच बघते, आधी सरळ, मग तिरपा, मग बोट फिरवून. यावेळी ती फार वेळ बघत राहिली. इतकी वर्षं ती डाग निघाला का ते शोधत आली होती. आज ती उरला का ते शोधत होती, हे मला दिसत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. शेवटी तिनं कॉलर घडी करून पर्समध्ये ठेवली आणि त्या पोराच्या गालाला ओला हात लावला.

"छान निघाला," ती म्हणाली. "पास."

पोराला मी नंतर सगळं सांगितलं. तो पिंपांच्या मागे जाऊन बसला.

मालकीणबाईंनी मावशीला काढलं नाही. घर भरलेलं नसलं तरी हात तर आहेत, त्या म्हणाल्या. आता आम्ही सगळे आपापल्या घरचे कपडे गुरुवारी तिला देतो. केमिस्ट स्वतःचे शर्ट तिच्या घरी नेऊन देतो आणि चहा पिऊन येतो. ती कॉलर बघून ओळखते, माझा भाचा वर्गात मान खाली घालून झोपतो की काय ते. पण घरचं पुराण ती आता सांगत नाही. आमचं ऐकते.

पावडर चांगली चालली आहे. लोकांचं काम झालं की ते फोन करत नाहीत, त्यामुळे माझा फोनही बराच गप्प असतो. परवा गुरुवारी एक आला. कोणी तरुण मुलगी होती, नुकतंच वेगळं घर केलेली. तिनं विचारलं, "ह्यानं जुने डागसुद्धा जातात का?"

"जातात," मी म्हटलं.

मावशी समोरच्या स्टुलावर सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सगळे जातात म्हणावं तिला. म्हणून आधी नीट बघ म्हणावं, कोणाचे आहेत ते."